विद्यापीठीय शोधप्रबंधांचा शोध आणि संशोधकांशी संपर्क

प्रस्तावना :
विद्यापीठीय पदवीसाठी सादर झालेला शोधप्रबंध हा पुढील संशोधनाचा पाया असतो. मात्र प्रत्येक प्रबंधाला ग्रंथरूप लाभत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा कोलंबिया विद्यापीठास सादर झालेला प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील प्रबंध १९२५ मध्ये लंडन येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला व अभ्यासकांपर्यंत पोहोचला. बहुसंख्य प्रबंध मात्र ग्रंथालयाच्या कपाटातच राहतात. परिणामी त्याच विषयाची पुनरावृत्ती होते आणि पूर्वसूरींच्या श्रमांची दखलही घेतली जात नाही.

१) शोधगंगा :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे बंधनकारक केले. या प्रती गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात ठेवल्या जातात. तेथे संशोधक, मार्गदर्शक, विभाग व विद्यापीठ यांच्या नोंदी असून प्रबंध बहुधा प्रकरणवार उपलब्ध असतो. चालू संशोधनाचे आराखडे 'शोधगंगोत्री'त पाहता येतात. मराठी प्रबंधांची शीर्षके कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत, तर कधी इंग्रजी अनुवादाच्या रूपात नोंदलेली आढळतात. म्हणून एकाच शब्दाने शोध घेऊन 'या विषयावर काम झालेले नाही' असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. तिन्ही प्रकारे, तसेच मार्गदर्शकाच्या नावानेही शोध घेणे आवश्यक आहे.

२) जुने प्रबंध :
२००९ पूर्वीचे अनेक प्रबंध केवळ मुद्रित वा टंकलिखित स्वरूपात आहेत. त्यांच्यासाठी भारतीय विद्यापीठ संघाच्या प्रबंधसूची आणि विद्यापीठ ग्रंथालयांच्या तालिका उपयुक्त ठरतात. येथे विद्यापीठांच्या कार्यक्षेत्राचा इतिहास लक्षात घ्यावा लागतो. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वीचे सोलापूर जिल्ह्यातील संशोधन कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात शोधावे लागते. नांदेडचे विद्यापीठ १९९४ चे, तर गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ चे आहे. तेथील जुन्या कामासाठी अनुक्रमे मराठवाडा व नागपूर विद्यापीठाकडे वळावे लागते. गोवा विद्यापीठाच्या १९८५ मधील स्थापनेपूर्वी गोव्यातील पदव्युत्तर केंद्र मुंबई विद्यापीठाशी जोडलेले होते. २०२२ च्या नियमावलीने बंद केलेल्या एम.फिल. पदवीच्या लघुप्रबंधांसाठी विभागीय ग्रंथालयाचीच विचारपूस करणे श्रेयस्कर ठरते.

३) संशोधकाशी संपर्क :
प्रबंधात सर्वच काही येत नाही. मुलाखतींची टिपणे, प्रश्नावल्या, हस्तलिखितांच्या प्रती लेखकाच्या संग्रही असण्याची शक्यता असते. त्यामुळे लेखकाशी थेट संवाद मोलाचा ठरतो. संपर्काचा आरंभ मार्गदर्शक व संबंधित विभागापासून करावा. त्यानंतर महाविद्यालयांची संकेतस्थळे, इन्फ्लिबनेटची 'विद्वान' ही तज्ज्ञसूची आणि ऑर्किड क्रमांक पाहावेत. स्त्री संशोधकांचे नाव विवाहानंतर बदललेले असू शकते. अशा वेळी विषय, वर्ष व मार्गदर्शक यांच्या आधारे ओळख पटवावी लागते.

पत्र संक्षिप्त असावे. आपला परिचय, प्रबंधाचे शीर्षक व वर्ष, आपण वाचलेले प्रकरण आणि नेमकी शंका त्यात यावी. 'माहिती पाठवावी' अशा मोघम विनंतीपेक्षा एका तक्त्याविषयी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळणे अधिक संभवनीय असते. खाजगी दूरध्वनी क्रमांक त्रयस्थांकडून मिळवण्याऐवजी विभागामार्फत पत्र पोहोचवणे औचित्याचे होय. उत्तर न आल्यास काही काळाने एकदाच स्मरणपत्र द्यावे.

४) उपयोगाची मर्यादा :
प्रबंध सहज उपलब्ध असणे म्हणजे तो वापरण्यास मुक्त असणे नव्हे. १९५७ च्या कायद्यानुसार अप्रकाशित लेखनालाही स्वामित्वहक्काचे संरक्षण आहे. वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास टप्प्याटप्प्याने वाढत जाणाऱ्या कारवाईची तरतूद आहे. शिवाय साम्य मोजणाऱ्या प्रणालीला सापडला नाही, म्हणून जुन्या टंकलिखित प्रबंधातील उतारा आपला होत नाही. लेखकाने पत्रातून दिलेल्या माहितीचाही ऋणनिर्देश आवश्यक आहे. त्याची मुलाखतींची टिपणे वापरताना मुलाखत देणाऱ्यांना दिलेले गोपनीयतेचे वचनही पाळले गेले पाहिजे.

समारोप :
पूर्वसंशोधनाचा आढावा हा केवळ प्रबंधातील एका प्रकरणाचा उपचार नाही. आधी कोणी काय केले हे जाणून घेतल्याशिवाय आपले योगदान नवे आहे, असे म्हणता येत नाही. मार्गदर्शकांनी विषयनिश्चितीपूर्वीच विद्यार्थ्यांना हा शोध घेण्यास लावले आणि महाविद्यालयांनी आपल्या प्राध्यापकांच्या प्रबंधांची एक प्रत व अद्ययावत सूची ग्रंथालयात ठेवली, तर अनेक अज्ञात प्रबंधांना वाचक मिळतील.