प्रोसेसरचे सॉकेट व स्मृतीची सुसंगतता : इंटेल आणि एएमडी यांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना :
महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी संगणक खरेदी करताना प्रोसेसरचा वेग व किंमत यांचा विचार प्रामुख्याने होतो. तथापि काही वर्षांनी त्याच संगणकाची क्षमता वाढवावयाची झाल्यास जुन्या मदरबोर्डवर नवा प्रोसेसर चालेल काय व जुनी रॅम उपयोगी पडेल काय, हे प्रश्न निर्णायक ठरतात.

सॉकेट व स्मृती यांचा संबंध :
सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरील प्रोसेसरची बैठक होय. पूर्वी स्मृतिनियंत्रक चिपसेटमध्ये असे. एएमडीने २००३ मध्ये व इंटेलने २००८ मध्ये तो आपल्या प्रमुख प्रोसेसरमध्येच समाविष्ट केला. त्यामुळे रॅमचा प्रकार प्रोसेसर व मदरबोर्ड या दोहोंशी जुळणे अनिवार्य झाले. डीडीआर-४ व डीडीआर-५ या दोन्ही प्रकारांच्या डेस्कटॉप रॅमपट्टीस २८८ संपर्कबिंदू असले, तरी खाचेची जागा भिन्न आहे. विद्युतदाबही अनुक्रमे १.२ व १.१ व्होल्ट असा वेगळा आहे. म्हणून एकीच्या जागी दुसरी वापरता येत नाही.

दोन धोरणे :
एएमडीच्या एएम-४ सॉकेटवर २०१७ च्या पहिल्या रायझेनपासून २०२० च्या ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर आले. बायॉस अद्ययावत केल्यास २०१७ च्या अनेक मदरबोर्डवर ही मालिका चालते. मात्र २०२२ च्या एएम-५ सॉकेटवर केवळ डीडीआर-५ चालते. तेथे जुनी रॅम निरुपयोगी ठरते.

इंटेलचे सॉकेट तुलनेने लवकर बदलले. २०१५ चे एलजीए-११५१, २०२० चे एलजीए-१२००, २०२१ चे एलजीए-१७०० व २०२४ चे एलजीए-१८५१ हा क्रम पुरेसा बोलका आहे. इतकेच नव्हे, तर २०१७ मधील आठव्या पिढीचे प्रोसेसर एलजीए-११५१ चेच असूनही त्यांना ३०० मालिकेचा नवा मदरबोर्ड आवश्यक ठरला. याउलट एलजीए-१७०० च्या प्रोसेसरना दोन्ही प्रकारची रॅम चालते. मदरबोर्ड योग्य निवडल्यास जुनी डीडीआर-४ वाया जात नाही. एलजीए-१८५१ मध्ये मात्र ही सवलत उरली नाही.

निष्कर्ष :
एएमडीने मदरबोर्डचे आयुष्य वाढविले, तर इंटेलने स्थित्यंतराच्या काळात रॅमची निवड खुली ठेवली. सॉकेटचे नाव सारखे असणे ही सुसंगततेची हमी नव्हे. म्हणून निविदेत सॉकेटसोबत चिपसेट, रॅमचा प्रकार व बायॉसची आवृत्ती यांचा स्पष्ट उल्लेख असावा. मदरबोर्ड उत्पादकाची प्रोसेसर-सूची खरेदीपूर्वीच तपासणे संस्थेच्या हिताचे आहे.