शरीराची कैफियत आणि धावपटूचे मन

१९५२ च्या जुलै महिन्यात हेलसिंकी येथे भरलेल्या ज्या ऑलिंपिक सामन्यांत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, त्याच सामन्यांत एमिल झाटोपेक या चेकोस्लोव्हाकियाच्या लष्करी अधिकाऱ्याने पाच हजार आणि दहा हजार मीटरच्या शर्यती जिंकल्या आणि आयुष्यात एकदाही मॅरेथॉन धावलेला नसताना त्या शर्यतीतही नाव घातले. इतक्या लांबच्या पल्ल्याचा हिशेब त्याला नवा होता. म्हणून मॅरेथॉनचा तत्कालीन उच्चांक ज्याच्या नावावर होता त्या इंग्रज जिम पीटर्सची संगत धरून तो धावू लागला, आणि काही अंतर काटल्यावर, ही चाल योग्य आहे ना, असे त्याने सरळ त्यालाच विचारले. प्रतिस्पर्ध्याला चकविण्याच्या इराद्याने पीटर्सने चाल संथ असल्याचे सांगितले, असे म्हणतात. झाटोपेकने वेग वाढविला. आरंभीच्या घाईने आधीच थकलेल्या पीटर्सला पायांत गोळे येऊन शर्यत सोडावी लागली, आणि झाटोपेक २ तास २३ मिनिटे ३ सेकंदांत पहिला आला.

या विजयाला इच्छाशक्तीचा चमत्कार म्हणण्याची रूढी आहे. मला ते वर्णन अपुरे वाटते. मान डुलत असलेला आणि चेहरा पिळवटलेला तो मनुष्य वेदना विसरून मुळीच धावत नव्हता. ४०० मीटरचे अंतर एकाच दिवसात वीस-वीस वेळा वेगाने तोडण्याचा आणि प्रसंगी लष्करी बूट चढवून बर्फातून धावण्याचा परिपाठ ठेवून त्याने तिची पुरती ओळख करून घेतली होती.

१९७७ मध्ये मॉर्गन आणि पोलॉक या अमेरिकन संशोधकांनी अव्वल दर्जाच्या धावपटूंच्या मनाचा शोध घेतला, तेव्हा हे लोक कष्टांचा विसर पडावा म्हणून मन अन्यत्र गुंतवीत असतील, अशी त्यांची अटकळ होती. घडले नेमके उलटे: सामान्य धावणारे मन रमविण्याचे उपाय योजीत, तर निष्णात धावपटू पोटऱ्या, मांड्या आणि श्वास यांची एकसारखी विचारपूस करीत, त्यावरून चाल ठरवीत, आणि अंग सैल ठेवण्याची स्वतःला वारंवार आठवण देत.

थकव्याचा निवाडा केवळ स्नायू करीत नाहीत, हे २००९ च्या एका ब्रिटिश प्रयोगात स्पष्ट झाले. दीड तास बुद्धीला शिणविणारे काम केल्यानंतर सायकल चालविणाऱ्यांनी एरवीपेक्षा सुमारे १५ टक्के लवकर हार मानली. हृदय व स्नायू नित्याप्रमाणेच काम देत होते. श्रम मात्र अधिक जाणवत होते.

तथापि मनाचा अंमल शरीरावर बेलगाम चालावा, असे यावरून कोणी समजू नये. ७ ऑगस्ट १९५४ रोजी व्हँकुव्हरच्या मॅरेथॉनमध्ये कडक उन्हात तोच पीटर्स सुमारे १७ मिनिटांची आघाडी घेऊन क्रीडांगणात शिरला. त्याच्या निर्धारात तिळमात्र उणीव नव्हती. परंतु शरीराची कैफियत ऐकून घेण्याचे त्याने फार आधी सोडून दिले असावे, असे मला वाटते. तो कोसळला, उठला, पुन्हा कोसळला, आणि अंतिम रेषा न गाठताच त्याला रुग्णालयात न्यावे लागले. शर्यत मागून आलेल्या स्कॉटलंडच्या जो मॅक्गीने जिंकली. पीटर्स त्यानंतर कोणत्याही शर्यतीत उतरला नाही.