वालपाराइसो

वालपाराइसो हे दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या प्रशांत महासागर किनाऱ्यावरील एक प्रमुख बंदर आहे. राजधानी सांतियागोच्या वायव्येस सुमारे ११५ किमी अंतरावर ते वसले आहे. डोंगरउतारांवर चढत गेलेली रंगीबेरंगी घरे, जिने आणि तारदोराने चालणारी उद्‌वाहने यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. त्याच्या ऐतिहासिक भागाला युनेस्कोने २००३ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. चिलीची राष्ट्रीय संसद १९९० पासून याच शहरात भरते.

इतिहास

स्पेनचा हुआन दे सावेद्रा १५३६ मध्ये या उपसागराशी आला. एकोणिसाव्या शतकात केप हॉर्नला वळसा घालून अटलांटिकमधून प्रशांत महासागरात येणारी जहाजे येथे थांबू लागली आणि बंदराची भरभराट झाली. इंग्रज, जर्मन, इटालियन व फ्रेंच व्यापारी येथे स्थायिक झाले. १८२७ मध्ये सुरू झालेले ‘एल मेरकुरिओ दे वालपाराइसो’ हे वृत्तपत्र आजही प्रसिद्ध होते. १८६६ मध्ये स्पॅनिश आरमाराने शहरावर तोफा डागल्या, तर १६ ऑगस्ट १९०६ च्या भूकंपाने मोठी हानी केली. १९१४ मध्ये पनामा कालवा खुला झाल्यावर जहाजांचा मार्गच बदलला. बंदराचे वैभव ओसरले. त्यानंतर व्यापारी भांडवल सांतियागोकडे वळल्यामुळे जुन्या वस्तीचा बराच भाग नव्या इमारतींच्या रेट्यातून वाचला.

रचना आणि रंग

शहराचे दोन भाग पडतात. समुद्रालगतच्या सपाट पट्टीला ‘प्लान’ म्हणतात. तेथे बंदर, कचेऱ्या आणि बाजारपेठ आहे. तिच्या पाठीमागे चाळीसहून अधिक टेकड्या असून त्यांच्यामध्ये खोल घळी आहेत. बहुसंख्य लोक या टेकड्यांवर राहतात. अनेक घरांचा सांगाडा लाकडाचा असतो, भिंतींत कच्च्या विटा भरलेल्या असतात आणि बाहेरून जस्ताचे पन्हळी पत्रे ठोकलेले असतात. खाऱ्या, दमट हवेत पत्रे गंजू नयेत म्हणून ते रंगवावे लागतात. जहाजांसाठी आणलेला उरलासुरला रंग त्यासाठी वापरला जाई, असे सांगितले जाते.

उद्‌वाहने

टेकडीवर चढण्यासाठी ‘आसेन्सोर’ नावाची उद्‌वाहने वापरली जातात. तीव्र उतारावरील रुळांवर दोन डबे एकाच तारदोराच्या दोन टोकांना जोडलेले असतात. एक खाली येतो तेव्हा त्याच्या भाराची मदत होऊन दुसरा वर चढतो. पहिले उद्‌वाहन १८८३ मध्ये कोन्सेप्सिओन टेकडीवर सुरू झाले. पुढे त्यांची संख्या तीसच्या आसपास गेली, परंतु कालांतराने कित्येक बंद पडली. १९९६ मध्ये जागतिक स्मारक निधीने त्यांची गणना जगातील १०० धोकाग्रस्त वारसास्थळांत केली. टेकडीवरील वृद्धांसाठी आणि रोज कामावर जाणाऱ्यांसाठी ही उद्‌वाहने गरजेचे वाहन आहेत. त्यामुळे एखादे बंद पडले, की शेकडो पायऱ्या चढण्याची वेळ रहिवाशांवर येते.

पदभ्रमंती

सांतियागोहून बसने साधारण दीड ते दोन तासांत येथे पोहोचता येत असल्यामुळे अनेक पर्यटक एका दिवसासाठी येतात. भ्रमंतीचा आरंभ बहुधा सोतोमायोर चौकातून होतो. १८७९ च्या इकिकेच्या नाविक लढाईतील वीरांचे स्मारक येथे आहे. जवळच्या एल पेराल उद्‌वाहनाने आलेग्रे टेकडीवर गेल्यास बाबुरिस्सा प्रासादातील कलासंग्रहालय लागते. तेथून गल्ल्यांतून शेजारच्या कोन्सेप्सिओन टेकडीवर जाता येते. या टेकडीवरील सेंट पॉल हे अँग्लिकन चर्च १८५८ चे आहे. त्या काळी कॅथलिकेतर उपासनेवर निर्बंध असल्यामुळे त्याचे बाह्यरूप साधे ठेवले गेले. टेकडीच्या कडेवरील हेर्वासोनी सज्जावरून संपूर्ण उपसागर दिसतो.

येथून कोन्सेप्सिओन उद्‌वाहनाने खाली उतरून बेयाविस्ता टेकडीकडे जाता येते. तेथील भिंतींवर १९९२ मध्ये उद्‌घाटन झालेले खुले चित्रसंग्रहालय आहे. आणखी वर नोबेल पुरस्कारविजेते कवी पाब्लो नेरुदा यांचे ‘ला सेबास्तियाना’ हे घर असून आता ते संग्रहालय आहे. नेरुदा या घरात १९६१ मध्ये राहू लागले.

आपत्ती आणि जतन

ज्या रचनेमुळे शहर मनोहर दिसते, तीच संकटकाळी घातक ठरते. अरुंद रस्त्यांवरून अग्निशमन वाहने वर नेणे कठीण होते आणि वाऱ्यामुळे घळींतील आग झपाट्याने पसरते. १८५० च्या आगीनंतर १८५१ मध्ये चिलीतील पहिले स्वयंसेवी अग्निशमन दल याच शहरात स्थापन झाले. १२ एप्रिल २०१४ रोजी लागलेल्या वणव्यात १५ जणांचा मृत्यू झाला आणि अडीच हजारांहून अधिक घरे जळाली. सर्वाधिक हानी टेकड्यांच्या वरच्या भागातील गरीब वस्त्यांची झाली. या वस्त्या जागतिक वारसा क्षेत्राच्या बाहेर आहेत आणि पर्यटकांच्या नेहमीच्या मार्गावरही येत नाहीत. म्हणूनच येथील जतनाचा प्रश्न रंगीत भिंती राखण्यापुरता मर्यादित नाही. टेकड्यांवरील रहिवाशांची सुरक्षितता, पाणीपुरवठा आणि चालू स्थितीतील उद्‌वाहने हेही त्याचेच भाग आहेत.