कोड सगळ्यांचा, पण पासबुक कुणाचं?

आयटीत काम करत असाल, तर जेन्किन्स नावाचा तो बो लावलेला बटलर तुमच्या ओळखीचा असणारच. तुम्ही कोड टाकला की हा पठ्ठ्या तो उचलतो, बिल्ड करतो, टेस्ट चालवतो आणि काही फुटलं की अख्ख्या टीमसमोर लाल खूण दाखवून तुमची इज्जत काढतो. शुक्रवारी संध्याकाळी त्याला मनापासून शिव्या घातल्या नाहीत असा इंजिनीअर हिंजवडीत तरी सापडायचा नाही. पण या बटलरचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं, हे किती जणांना माहीत आहे?

त्याचं नाव होतं हडसन. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणाऱ्या कोहसुके कावागुची या इंजिनीअरनं २००४ च्या सुमारास ते हौसेखातर लिहायला घेतलं. ओपन सोर्स असल्यानं बघता बघता त्याभोवती जगभरातले डेव्हलपर जमले. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलनं सन विकत घेतली आणि त्याच वर्षी कोहसुके बाहेर पडला. वर्षाच्या अखेरीस प्रोजेक्टचा मुक्काम ओरॅकलच्या सर्व्हरवरून दुसरीकडे हलवायची चर्चा सुरू झाली. ओरॅकलचं म्हणणं असं पडलं की कोड खुशाल न्या, पण ‘हडसन’ हे नाव आमचं आहे. झालं! जानेवारी २०११ मध्ये मतदान झालं, मंडळी प्रचंड बहुमतानं बाहेर पडली आणि बटलरचं दुसरं बारसं झालं. हडसन पुढे ओरॅकलनं एक्लिप्स फाउंडेशनला देऊन टाकलं, पण माणसं निघून गेलेल्या वाड्यात उरतं काय? आज ते इतिहासजमा आहे आणि जेन्किन्स मजेत तुमच्या चुका काढतो आहे.

आता तुम्ही म्हणाल, ओपन सोर्स म्हणजे सगळ्यांचं, मग हे भांडण कसलं? तर फंडा असा आहे की लायसन्स कोडपुरतं असतं. कोड कुणीही उचलावा, बदलावा, वाटावा. पण प्रोजेक्टचं नाव, लोगो, डोमेन, सर्व्हरचे पासवर्ड आणि बँकेतले पैसे यांची झेरॉक्स निघत नाही. ते कुणा एकाच्याच नावावर असतात. सगळं सुरळीत असतं तोपर्यंत तो ‘कुणी एक’ कोण, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही.

आमच्याकडे ती गरज या वर्षी पडली.

काकूंना काय सांगणार?

आम्ही पुण्यातले दहा-बारा जण मिळून एक छोटं टूल बनवतो. जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणायचं. ऐकायला बोअर आहे, मान्य. पण ज्याच्या कॉम्प्युटरमध्ये वीस वर्षांपूर्वीची दिवाळी अंकांची फाइल पडली आहे आणि उघडल्यावर नुसते किडे-मुंग्या दिसतात, त्याला विचारा! छोटे प्रकाशक, शाळेतले सर, एक-दोन ग्रंथालयं असे आमचे युजर. सर्व्हरचं भाडं, डोमेनचे पैसे, वर्कशॉपची वर्गणी हे सगळं आमच्यातल्या एका मित्राच्या सेव्हिंग खात्यात यूपीआयनं जायचं. हिशेब चोख. एक्सेल शीट सगळ्यांना खुली. मार्चपर्यंत त्यात एक लाख चाळीस हजार जमले होते.

मग एकाच महिन्यात दोन चांगल्या बातम्या आल्या. एका कंपनीला आमचं टूल आवडलं आणि ती तीन लाख रुपये द्यायला तयार झाली. आणि या मित्राला म्युनिकमध्ये नोकरी लागली. पेढे खाऊन झाले आणि कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांचा फॉर्म आला: संस्थेचं नाव, पॅन, नोंदणी क्रमांक, बँक खातं, रद्द केलेला चेक. आमच्याकडे संस्थाच नव्हती. तीन लाख मित्राच्या खात्यात घेतले असते, तर ते त्याचं उत्पन्न दिसलं असतं आणि इन्कम टॅक्सला उत्तर त्यानं दिलं असतं. शिवाय परदेशात राहायला गेल्यावर त्याचं साधं सेव्हिंग खातं बँकेच्या नियमांप्रमाणे एनआरओ करावं लागतं. म्हणजे कोथरूडच्या वर्कशॉपची वर्गणी एका अनिवासी भारतीयाच्या खात्यात! वर कंपनीला टूलच्या पहिल्या पानावर लोगो हवा होता. आमच्यातले निम्मे ‘लावा की, काय बिघडतं’ म्हणाले आणि निम्मे भडकले. हो किंवा नाही म्हणायचा अधिकार कुणाचा, हे कधी ठरलंच नव्हतं.

शनिवारच्या मीटिंगमध्ये हा विषय निघाला आणि मित्र एकदम गप्प झाला. मग म्हणाला, “म्हणजे चार वर्षांनंतर तुमचा माझ्यावर विश्वास नाही, असंच ना?”

खोलीत कुणी काही बोलेना. शेवटी आमच्यातली एक, जी एका बँकेत काम करते, तीच बोलली. “अरे, विश्वास आहे म्हणूनच बोलतोय. उद्या तुझी बाइक स्लिप झाली तर? त्या खात्याला नॉमिनी काकू आहेत. आम्ही तेराव्याला जाऊन काकूंना सांगू का, की त्यातले एक लाख चाळीस हजार आमचे आहेत?”

जरा कठोर बोलली खरी. पण त्यानंतर तोच सगळ्यांत जास्त कामाला लागला.

सम्राट राजीनामा देतो तेव्हा

आधी ठरवायचं होतं, निर्णय कोण घेणार. मी वाचायला सुरुवात केली आणि पायथॉनच्या गोष्टीपाशी थांबलो. पायथॉन बनवणारा गिडो व्हॅन रॉसम याला त्या मंडळींनी गमतीनं ‘तहहयात प्रेमळ हुकूमशहा’ अशी पदवी दिली होती. वाद झाला की शेवटचा शब्द त्याचा. हे बरीच वर्षं चाललं. २०१८ मध्ये एका चिन्हावरून जुंपली. कोलन आणि बरोबर ही दोन चिन्हं एकत्र लिहायची सोय भाषेत असावी की नसावी, एवढाच मुद्दा! गिडोनं ती मंजूर केली, पण त्या भांडणात इतका वैतागला की जुलैमध्ये पद सोडून मोकळा झाला. वारस नेमला नाही. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

पुढचे काही महिने जगातली एक सर्वांत लोकप्रिय प्रोग्रॅमिंग लँग्वेज बिनराजाची होती. कारभार कसा चालवावा याचे सात प्रस्ताव आले. डिसेंबरमध्ये मतदान झालं आणि पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ हा पर्याय जिंकला. त्यातला एक नियम मला सॉलिड आवडला: एकाच कंपनीत नोकरी करणारे दोनापेक्षा जास्त सदस्य मंडळात नकोत. २०१९ च्या सुरुवातीला पहिली निवडणूक झाली आणि पाचांत कोण निवडून आलं? खुद्द गिडो. हुकूमशहा नगरसेवक झाला म्हणायचा!

आम्ही दहा-बारा जण कुठे आणि पायथॉन कुठे, हे कळतं. पण आमचं दोन पानी कारभारपत्र तिथूनच निघालं. अपाचे फाउंडेशनच्या प्रोजेक्टांत चालणारी एक रीतही आम्ही उचलली: प्रस्ताव मांडायचा, ७२ तास थांबायचं, कुणी कारण देऊन हरकत घेतली नाही तर मंजूर. यामुळे ‘कुणीच उत्तर देत नाही’ हा आमचा जुना आजार एकदम गुण ठरला. दहा हजारांवरच्या खर्चाला मात्र मतदान. आणि हरकत घेणाऱ्यानं दुसरा मार्ग सुचवायचा, हे बँकवालीनं हट्टानं घालायला लावलं.

छत्री कुणाची घ्यायची?

राहिला पैशांचा प्रश्न. पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तो, आपलीच संस्था काढू. गणपती मंडळात वाढलेली पोरं आपण, अध्यक्ष-खजिनदार नेमायला कितीसा वेळ लागतो? पण १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्यानुसार निदान सात जण लागतात, आपल्या राज्यात धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदणी होते, मग दर वर्षी ऑडिट, सभा, इतिवृत्त. कंपनी कायद्यातली कलम ८ ची ना-नफा कंपनी काढायला माणसं कमी लागतात, पण कागद काही कमी होत नाहीत. दिवसभर ऑफिस करून रात्री कोड लिहिणाऱ्या माणसानं कोड सोडून फायली लावत बसायचं का?

यावरचा तोडगा म्हणजे फिस्कल स्पॉन्सरशिप. नाव भारदस्त आहे, कल्पना साधी. आधीच नोंदणी झालेली संस्था तुम्हाला आपल्या छत्रीखाली घेते. पैसे तिच्या खात्यात, पावती तिची, करार तिच्या सहीनं, डोमेन आणि ट्रेडमार्क तिच्या नावावर. पण तुमच्या नावानं आलेला पैसा कशावर खर्चायचा आणि कोडमध्ये काय घालायचं, हे ठरवता तुम्ही. फक्त तो खर्च संस्थेच्या उद्देशात आणि कायद्यात बसला पाहिजे. या सेवेबद्दल संस्था आलेल्या रकमेतला काही टक्का ठेवून घेते.

अमेरिकेत हे मस्त रुळलं आहे. डेबियनवाल्यांनी १९९७ मध्ये सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही संस्था काढली, ती ५ टक्के घेते. नाव गमावून शहाणा झालेला जेन्किन्स आधी तिच्याच छत्रीखाली गेला आणि २०१९ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या घरातल्या एका नव्या फाउंडेशनमध्ये. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ही २००६ पासूनची, तिथला दर १० टक्के. तुम्ही रोज वापरता ते गिट तिच्याकडे आहे. छत्री तात्पुरतीही चालते. ओपनऑफिसमधून फुटून लिब्रेऑफिस निघालं, तेव्हा त्यांना स्वतःच्या फाउंडेशनसाठी ५०,००० युरो हवे होते. २०११ मध्ये लोकांना साद घातली आणि आठ दिवसांत पैसे जमले! बर्लिनमध्ये फाउंडेशनची रीतसर नोंदणी व्हायला २०१२ उजाडलं. मधल्या काळात पैसे सांभाळले ते जर्मनीतल्याच एका जुन्या नोंदणीकृत संस्थेनं.

मग आपणही अमेरिकेत खातं उघडू, असं आमच्यातल्या एका उत्साही जीवाला वाटलं. पण इकडचा देणगीदार, इकडचा खर्च आणि पैसा मात्र सात समुद्रांपलीकडे, यात अर्थ नव्हता. परदेशी देणगी भारतातल्या संस्थेकडे आणायची तर एफसीआरए कायदा आडवा येतो: आधी नोंदणी किंवा परवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं आणलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. या वाटेला जाणार असाल तर आधी सीएला गाठा. मित्राच्या मित्राला नको, सीएला.

छत्रीही फाटू शकते, हेही लक्षात ठेवलेलं बरं. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन या अमेरिकी संस्थेच्या छत्रीखाली ६०० हून जास्त गट होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिनं जाहीर केलं की वर्षअखेर आम्ही बंद होतोय. कुणी पैसे बुडवले नाहीत, पळालं नाही. पण त्या सगळ्या गटांना काही महिन्यांत नवं घर शोधावं लागलं. म्हणून करार वाचताना मी टक्केवारीच्या आधी शेवटचं पान उघडलं. आम्हाला बाहेर पडायचं असेल तर? तुम्हीच बंद झालात तर? नाव, डोमेन आणि उरलेली रक्कम किती दिवसांत, कुणाकडे जाईल? एका संस्थेचे गृहस्थ फोनवर म्हणाले, “अहो, आत्ताच लग्न ठरतंय आणि तुम्ही घटस्फोटाचं काय बोलता?” त्यांना नमस्कार करून आम्ही पुढे निघालो.

शेवटी भाषेच्या क्षेत्रात काम करणारा पुण्यातलाच एक नोंदणीकृत ट्रस्ट मिळाला. त्यांच्या उद्देशपत्रात मराठीच्या प्रसाराचं कलम होतं, म्हणून आमचं काम त्यात बसलं. तसं नसतं तर कितीही गोड माणसं असून उपयोग नव्हता. ते आठ टक्के घेणार. म्हणजे तीन लाखांतले चोवीस हजार. ‘एवढे?’ असं काही जणांना वाटलं. तेव्हा मित्रानंच चार वर्षांत त्यानं हिशेबापायी घालवलेल्या रविवारांची यादी वाचून दाखवली. विषय संपला. करारात नव्वद दिवसांची मुदत आहे: कुणीही पत्र द्यावं, आमची सगळी मालमत्ता आम्ही सांगू त्या दुसऱ्या ना-नफा संस्थेकडे जाईल.

मित्रानं जायच्या आदल्या आठवड्यात एक लाख चाळीस हजार ट्रस्टला पाठवले आणि डोमेनही. लोगोवर मतदान झालं. पहिल्या पानावर नाही, ‘आभार’ पानावर लावायचा, असा निकाल लागला. कंपनीनं कुरकुर न करता मान्य केलं. अशी बातमी कुणी त्यांना याआधी अधिकृतपणे दिलीच नव्हती, एवढंच!

आता पुढच्या महिन्यात आमच्या मंडळाची पहिली निवडणूक आहे. म्युनिकहूनही अर्ज आला आहे. जागा पाच, उमेदवार आत्तापर्यंत चार.