कोकोपीट हे खत नव्हे

श्रीरामपुरातील एखाद्या रोपवाटिकेत ९८ खणांच्या प्रोट्रेमधली तरारलेली टोमॅटोची रोपे पाहून आलेला गृहस्थ जाता जाता कोकोपीटची वीट विकत घेतो, ती बादलीत भिजवून कुंडीत भरतो, तीत गुलाब लावतो, आणि दीड-दोन महिन्यांनी पाने पिवळी पडली म्हणजे ‘एवढे चांगले खत घातले, तरी असे कसे?’ अशी कैफियत घेऊन माझ्या दारी उभा राहतो. ही कैफियत मी इतक्यांदा ऐकली आहे की आता उत्तर छापूनच वाटावे म्हणतो : कोकोपीट हे खत नव्हे.

नारळाच्या सोडणातून काथ्याचे धागे काढून घेतल्यावर जो तपकिरी भुसा उरतो, तो वाळवून व दाबून ही वीट होते. ५ किलोंची वीट पाणी पिऊन सुमारे ७० लिटर भरते, आणि ओल धरणे व मुळांना हवा देणे हेच तिचे खरे गुण. कच्च्या भुशातील कर्ब-नत्राचे गुणोत्तर तमिळनाडू कृषी विद्यापीठाने शंभरास एकाहूनही अधिक दिले आहे. म्हणजे तो कुजवताना सूक्ष्मजीवच नत्र उसने घेतात, तेही झाडाच्या तोंडचे. त्याच विद्यापीठाने टनभर भुशाचे खत करण्यासाठी ५ किलो युरिया व धिंगरी अळिंबीचे बियाणे घालण्याची रीत सांगितली आहे. जो पदार्थ मुळातच खत, त्याचे खत करण्याची ही यातायात कोण कशाला करील?

मग प्रोट्रेतील रोप तरारते कशावर? आरंभी बीजातल्या शिदोरीवर, आणि पुढे रोपवाटिकावाला झारीने देतो त्या १९:१९:१९ वर. पाहुण्याला झारीतले पाणी दिसते, त्यात विरघळलेले खत दिसत नाही, एवढाच या भ्रमाचा उगम.

‘नैसर्गिक आहे, धुण्याची तसदी कशाला?’ हा दुसरा समज, आणि तो निदान आपल्या तालुक्यात तरी नसावा. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाटपाण्याने येथे ऊस आणला, आणि निचऱ्याविना साचलेल्या त्याच पाण्याने कित्येक जमिनी चोपण केल्या. अशा जमिनीत जिप्सम टाकणारा शेतकरी पक्के जाणतो की कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून हुसकतो आणि मग पाणी त्याला वाहून नेते. कोकोपीटचे रसायन तेच : मोकळे क्षार साध्या पाण्याने जातात, कणांना चिकटलेल्या सोडियमसाठी मात्र कॅल्शियम नायट्रेटचे द्रावण लागते.

किरकोळ समजांचा निकाल एकेका ओळीत लावतो. वरचा थर सुकला म्हणजे पाणी हवे, असे नव्हे. बोट दोन पेरे खुपसून पाहावे. एकदा वापरलेले कोकोपीट फेकू नये. रोग नसल्यास धुऊन पुन्हा वापरावे. चार विटांनी एकरभर काळी जमीन भुसभुशीत होत नाही. एकरावर नुसता १ सेंटिमीटर थर द्यायचा म्हटले तरी पावणेसहाशे विटा लागतील.

कुंडीसाठी एक भाग कोकोपीट, एक भाग माती आणि एक भाग कुजलेले शेणखत पुरे. वीट कोठे स्वस्त मिळेल याची चौकशी करणाऱ्याने या तिसऱ्या भागाची तजवीज आधी करावी.