श्वास चालू असतो, तरी जीव का गुदमरतो?

आपण मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो, पण तिकडे आपलं लक्षही नसतं. छाती आणि पोटामधला पडदा खाली सरकतो, फुप्फुसं फुगतात आणि जवळपास अर्धा लिटर हवा आत येते. या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. श्वास सोडतो तेव्हा तो १६ टक्क्यांच्या आसपास उरतो. मग कमी झालेला ऑक्सिजन गेला कुठे?

फुप्फुसांत द्राक्षाच्या घडासारखे कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांची भिंत इतकी पातळ असते की ऑक्सिजन तिच्यातून रक्तात उतरतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हा ऑक्सिजन शरीरभर पोहोचवतं.

धोका इथंच आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली किंवा कोंदट बाथरूममध्ये गॅस गिझर चालवला, तर कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. श्वास चालू राहतो, पण रक्तात ऑक्सिजनला जागाच उरत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. झोपलेल्या माणसाला तर काही कळतही नाही.

म्हणून थंडीत पेटती शेगडी खोलीत ठेवून आपण कधीही झोपू नये. गॅस गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवून घ्यावा. कुणाला त्रास झालाच तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणावं आणि लगेच दवाखाना गाठावा.