आधी कुचला ओळखा, मग खुनी

बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचं गाव. आषाढात ढग रस्त्यावर उतरले आणि लाइट गेली, की ॲगाथा ख्रिस्ती वाचायला वेगळं इंग्लंड लागत नाही.

बाईंची पहिली कादंबरी 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' १९२० सालची. त्यातला बळी जातो स्ट्रिकनीननं. हे विष म्हणजे आपल्या कुचल्याच्या बियांतलंच. चपटी, करड्या बटणासारखी बी. वैद्य शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं बनवून देत, त्यामुळे मात्रा नेमकी. आणि स्ट्रिकनीन तर जहाल कडू! ते पोटात गेलंच कसं, इथून वाचकाचं डोकं चालू होतं.

बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांवर पोसलेल्या मराठी वाचकाला त्यांच्या झुंजार या नायकाची धावपळ पाठ असते. ख्रिस्तींचा गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो मात्र बसून मिशा सांभाळतो. त्याला दिसलेले धागेदोरे वाचकालाही दिसलेले असतात, तरी वाचक फसतो आणि वर खूश होतो.

१९२६च्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'च्या शेवटानं मात्र काही वाचक चिडलेच. तो शेवट आधीच फोडणाऱ्याशी बोलणं टाकलेलं बरं.